पातेरा जाळू नका: कोकणातल्या परसात औषधी झाडं नि भाजीपाला

कोकणात पावसाला तोटा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे 100 चौरस मीटरच्या कौलारू छपरावर एका पावसाळ्यात साधारण तीन लाख लिटर पाणी पडतं. तरीही शिमगा सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्यांत टँकर फिरतात आणि परसातली मिरची दुपारी मान टाकते. एवढं पाणी जातं कुठं, हा प्रश्न समजला की कोकणात बाग कशी करावी याचं निम्मं उत्तर हातात येतं.

पाणी उतरतं आणि झिरपतं. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र इतका जवळ की डोंगरावर पडलेलं पाणी व्हाळा-पऱ्ह्यांतून, म्हणजे ओढ्या-नाल्यांतून, बघता बघता खाडीला लागतं. जे जमिनीत शिरतं, तेही जांभ्याच्या भोकांतून खाली निघून जातं. जाताना ते एकटं जात नाही. लाखो वर्षं काळ्या खडकावर ऊन नि पाऊस पडत राहिला, त्यातला चुना, पोटॅश, मॅग्नेशियम असं सगळं विरघळणारं धुऊन गेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. तोच आपला जांभा आणि तीच आपली लाल माती. ही माती आम्ल असते. तिच्यातलं लोखंड स्फुरदाला (फॉस्फरसला) असं धरून ठेवतं की झाडाच्या मुळाला ते मिळत नाही. नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) यांचं उलटं, ती पहिल्या मोठ्या सरीला वाहून जातात. म्हणून जुलैत पोतंभर रासायनिक खत टाकलं तरी सप्टेंबरात पान पिवळं ते पिवळंच.

याचा अर्थ कोकणातली सुपीकता मातीत फारशी साठून राहत नाही. ती राहते झाडांत, मुळांत आणि झाडाखाली साचणाऱ्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कळकळीनं सांगते: परसातला पातेरा जाळू नका. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

कुठल्याही जुन्या फणसाखाली एप्रिल महिन्यात बसा आणि हातानं पातेरा बाजूला करत जा. वर अख्खी, कडकडीत पानं. त्याखाली अर्धी कुजलेली, शिरांची जाळी उरलेली पानं, आणि त्यांना एकमेकांत गुंतवणारे बुरशीचे पांढरे धागे. आणखी खाली काळपट, रवाळ माती. भर उन्हाळ्यात तिला ओल असते, गांडुळाची विष्ठा दिसते, फणसाची बारीक मुळं खालून वर येऊन त्या थरात शिरलेली असतात. हातभर अंतरावरच्या उघड्या जमिनीत मात्र काठीसुद्धा रुतत नाही. दोन्हीकडे पाऊस सारखाच पडला होता. कुजलेल्या पानांचा हा थर पाणी धरतो, आम्लपणा सौम्य करतो आणि लोखंडानं अडवलेलं स्फुरद मुळांपर्यंत पोचवायला मदत करतो.

पातेरा जाळण्यामागे कारणं आहेत, ती नाकारून चालणार नाही. जनावर (साप) लपतं, वणवा लागला तर काजूची बाग जाते, आणि तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजला की तणाचं बी मरतं. पण परसात गोळा करून पेटवलेल्या ढिगातलं नत्र धुरात जातं आणि उरलेली राख मिरगाच्या सरीत गटाराला मिळते. घरालगतची चार-पाच हात जागा स्वच्छ ठेवा, बाकीचा पातेरा माडाच्या, केळीच्या, मिरवेलीच्या आळ्यात घाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका हेच सांगायच्या, "पातेरो जाळू नको गो, माडाच्या आळ्यात घाल."

आता पर्माकल्चरबद्दल. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियन माणसांनी 1970 च्या दशकात हा विचार मांडला आणि 1978 मध्ये तो पुस्तकरूपानं जगापुढे आला. गाभा सोपा आहे. जंगलाला कोणी खत घालत नाही, नांगरत नाही, तरी ते वाढतं. कारण तिथं उंच, मध्यम, बुटकी, वेली, कंद अशी झाडं एकावर एक राहतात आणि एकाचा कचरा दुसऱ्याचं अन्न होतो. ती रचना उचलायची आणि झाडं मात्र आपल्या उपयोगाची निवडायची. दुसरं सूत्र असं की बागेतल्या प्रत्येक गोष्टीनं एकाहून जास्त कामं करावीत. कुंपणानं कुंपण तर व्हावंच, पण औषध, पालापाचोळा आणि वाऱ्याला आडही द्यावा.

कोकणी माणसाला यातलं बरंच ओळखीचं आहे. श्रीवर्धन-दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची आगरं बघा: वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, मध्ये जायफळ आणि केळ, खाली अननस नि हळद. दक्षिणेला, गोव्याकडे, यालाच कुळागर म्हणतात. थरांची ही बाग संकटातही उपयोगी पडते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या माड-पोफळी हजारोंनी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. एकाच पिकावर उभी असलेली बाग तेवढी वर्षं रिकामी राहते. जिथं खाली हळद, आलं, सुरण, पिंपळी आहे, तिथं निदान पुढच्या हंगामात घरात काहीतरी येतं.

पण एका बाबतीत पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पर्माकल्चरमधला आवडता उपाय म्हणजे उतारावर समपातळीत चर खणून पाणी अडवणं. तो कमी पावसाच्या मुलखाला फार चांगला. आपल्याकडे जुलैत एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस ही नवलाई नव्हे. तीव्र उतारावर, खाली घर असताना, खोल चरांत पाणी तुंबवून डोंगर भिजवणं धोक्याचं आहे. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर मुसळधार पावसात डोंगर कोसळला, ते आपण विसरलेलो नाही. कोकणात पावसाळ्यात निचरा आधी, ओल धरणं नंतर. चर सौम्य उतारावर, उथळ, आणि जादा पाणी सुरक्षित व्हाळाकडे जाईल अशी वाट ठेवूनच. तीव्र उतारावर चराऐवजी समपातळीच्या रेषेवर वाळा आणि गवती चहा लावा. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि बांध जागेवर ठेवतात. शिवाय मुळं औषधी, सुगंधी. गवती चहा माती धरतो, चहात पडतो आणि कापलेली पाती आळ्यात आच्छादनाला येतात.

समपातळीची रेषा काढायला यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी लावा आणि वरच्या गाठीवरून सुतळीला दगड लोंबता सोडा. ही घोडी जमिनीवर उभी करून सुतळी आडव्या काठीवर कुठं येते तिथं खूण करा. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून, त्याच दोन जागी ठेवून, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये सुतळी आली की दोन्ही पाय एका पातळीवर. मग एक पाय तिथंच ठेवून दुसरा फिरवत, दगड मध्यावर येईल तिथं खुंटी ठोकत पुढे सरकायचं. एका सकाळी अख्ख्या परसाच्या रेषा आखून होतात.

उन्हाळ्याच्या पाण्यासाठी घरात आधीच एक झरा असतो: न्हाणी. चौघांच्या घरात आंघोळीचं नि भांड्यांचं मिळून रोज सहज 100 लिटर पाणी बाहेर पडतं. न्हाणीमागे अळू नि केळ लावायची पद्धत जुनीच आहे, पर्माकल्चर ती नीट बांधून देतं. दोनेक मीटर व्यासाचा, गुडघ्याच्या वर खोल असा गोल खड्डा काढायचा आणि निघालेली माती कडेनं रिंगण करून टाकायची. खड्ड्यात लाकडाचे तुकडे, झावळ्या, नारळाची सोडणं, पातेरा, स्वयंपाकघरातला ओला कचरा भरत राहायचं आणि न्हाणीचं पाणी त्यात सोडायचं. रिंगणावर चार-पाच केळी, त्यांच्या मध्ये पानांसाठी अळू. पाणी उघडं दिसता कामा नये, नाहीतर डास होतात. म्हणून खड्डा कायम भरलेला, वर शीग आलेला ठेवायचा. खाली सलग कातळ लागला तर पावसाळ्यात पाणी बाहेर जायला एक नाळ ठेवा. कच्चं खायचं आणि कंदमूळ असं काहीच या पाण्यावर लावू नये. ब्राह्मी तर मुळीच नाही, ती पाण्यातले जड धातू पानांत साठवते. ब्राह्मीला विहिरीच्या पाळीजवळची, स्वच्छ पाण्याची ओलसर जागा द्या. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि मिरचीला, हे कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. फक्त सुक्या मासळीचं खारं पाणी नको.

सड्यावर घर असेल तर साठवण हवीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कातळावरच्या कलमांसाठी पुढे आणलेलं जलकुंड परसालाही चालतं. 4 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल खड्ड्याला प्लास्टिकचा कागद अंथरला की 4000 लिटर पाणी मावतं. वर झावळ्यांचं झाकण घालायचं, नाहीतर फेब्रुवारीचं ऊन निम्मं पिऊन टाकतं, आणि पोरंबाळं, गुरं पडण्याची भीतीही राहते.

कुठलं झाड कुठं लावायचं, याचं उत्तर आपल्या पायांकडे असतं. जिथं दिवसातून चार वेळा जाणं होतं, म्हणजे मागच्या दारी, तिथं हाताशी लागणारं: तुळस, पानओवा, गवती चहा, कढीपत्ता, मिरची, लाल माठ, कोथिंबीर. आठवड्यातून दोनदा फेरी होते तिथं मांडव, वांगी, हळद, आलं. महिन्यातून एकदा जिथं जाता, तिथं सुरण, करांदे, शेवगा, कोकम. आणि परसाच्या टोकाचा एक कोपरा मोकळा सोडावा, जो उगवेल तो उगवू द्यावा. पावसात तिथंच टाकळा, कुरडू, भारंगी मिळते, आणि किडी खाणारे पक्षी-सरडे तिथंच राहतात.

कुंपणाला अडुळसा घ्या. पहिल्या पावसात वीतभर काड्या खोचल्या की फुटतात, गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, छाटलेला पाला हिरवळीच्या खताला उत्तम. खोकल्यावरचं औषध म्हणून त्याची ख्याती खरी आहे. दवाखान्यात मिळणारं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या वासिसिन या द्रव्यावरूनच तयार झालं. पण हेच द्रव्य गर्भाशयावरही परिणाम करतं, म्हणून गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये. अडुळशामध्ये अधूनमधून गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) दांडे पुरा. हे झाड हवेतलं नत्र मुळांत आणतं आणि वर्षातून तीन-चार वेळा छाटता येतं. गुळवेल त्यावरच चढवावी. कडुलिंबावरचीच गुळवेल चांगली असं सांगतात, पण दमट किनारपट्टीवर कडुलिंब नीट येत नाही, आणि कलमावर सोडली तर ती आंब्याला गुदमरवते. समुद्राच्या अंगाला खारा वारा असेल तर सगळ्यात बाहेर उंडी आणि भेंड. ही दोन्ही झाडं खारं सोसतात आणि आतल्या बागेला आडोसा देतात.

सावलीत काय, उन्हात काय, हे चुकलं की सगळं चुकतं. हळद, आंबेहळद, आलं, पिंपळी, मिरवेल यांना माडा-केळीखालची कवडशांची सावली मानवते. तुळस, गवती चहा, मिरची, कोरफड यांना उघडं ऊन लागतं. शेवग्याला तर परसातली सगळ्यात उंच, पाणी न थांबणारी जागा हवी, नाहीतर ऑगस्टात बूड कुजतं. वेखंड याच्या उलट, चिखलातच खूश. हळदीवर माझा विशेष जीव आहे. वळवाच्या पावसानंतर, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला कंद उंच वाफ्यात बोटभर खोल लावले की नागपंचमीला, गौरी-गणपतीला पातोळ्यांसाठी पानं मिळतात, आणि पौष-माघात पानं वाळल्यावर कंद निघतात. एकाच झाडाचे दोन हंगाम.

हळदीचा आणखी एक गुण आजच्या कोकणात फार मोलाचा आहे: माकडं तिला हात लावत नाहीत. माकडं नि रानडुकरं यांच्यापायी कितीतरी घरांनी भाजी लावणंच सोडून दिलं, आणि हे दुःख खरं आहे. रात्र-रात्र राखण करून सकाळी उपटलेले वेल बघणं सोपं नसतं. याला रामबाण उपाय नाही. पण हळद, आलं, अडुळसा, गवती चहा, कोरफड, पानओवा ही उग्र वासाची, कडू-तिखट झाडं माकडांना आवडत नाहीत. बाहेरचं रिंगण यांचं आणि काकडी, भेंडी, चवळी घराच्या भिंतीलगत, माणसांच्या वर्दळीत ठेवली तर नुकसान कमी होतं. औषधी झाडं लावण्याचं हे कारण मला बाजारभावापेक्षा मोठं वाटतं.

भाजीचे हंगाम दोन आणि त्यांची तऱ्हा वेगवेगळी. मिरगावर पेरायच्या त्या वेलभाज्या: पडवळ, शिराळी, घोसाळी, कारली, काकडी. यांना मांडव लागतो, कारण भुईवर पसरलेला वेल सततच्या पावसात सडतो. वाफे वीत-दीड वीत उंच, कडेला पाण्याची वाट. दुसरा हंगाम भात कापल्यानंतर. तेव्हा जमिनीत ओल असते, ती धरून ठेवायची. ओलीवर कुळीथ, वाल, पावटा येतो आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठी पुढच्या पिकाला नत्र देतात. अलिबागकडे पांढरा कांदाही भातानंतरच होतो. मुळा, लाल माठ, वांगी, नवलकोल यांच्या मुळाशी चार बोटं पातेरा पसरला की रोजचं पाणी दिवसाआड दिलं तरी भागतं.

पातेऱ्याला दोन दोष आहेत. पावसाळ्यात जाड आच्छादनाखाली गोगलगायी माजतात आणि एका रात्रीत माठाची रोपं फस्त करतात. म्हणून जून ते सप्टेंबर भाजीच्या वाफ्यात थर पातळ ठेवा आणि जाड थर फक्त मोठ्या झाडांना द्या. संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट पसरून ठेवलं तर गोगलगायी त्याखाली जमतात, सकाळी वेचता येतात. उन्हाळ्यात वाळवी येते. ती सुकं खाते, तेही एका परीनं कुजवण्याचंच काम. पण कोवळ्या कलमांच्या बुंध्यापासून आच्छादन वीतभर लांब ठेवा.

कंपोस्टाला सुका पातेरा साधारण तीन भाग, ओला पाला नि शेण एक भाग, असे थर घालून वर झावळ्यांचं छप्पर करा. उघड्यावर ठेवलेल्या ढिगाचं सत्त्व पावसात वाहून जातं. चुलीची राख आणि कुटलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या यात मिसळा. राखेत पालाश आणि चुना, शिंपल्यांत चुना. आम्ल मातीला दोन्ही हवं असतं. राख मात्र मूठभरच.

औषधी झाडं काढायची वेळ पाळली पाहिजे. दमट हवेत वाळवलेल्या पानाला बुरशी धरते आणि बुरशी लागलेलं औषध हे औषध राहत नाही. पानं पाऊस ओसरल्यावर, दंव सुकल्यावर तोडून सावलीत वाळवावीत. गुळवेलीचं खोड अंगठ्याएवढं जाड झाल्यावर उन्हाळ्यात कापावं. घरगुती वापर साध्या सर्दी-खोकल्यापुरता ठेवा. गुळवेल महिनोन्‌महिने काढा करून पिऊ नये, यकृताचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. वेखंड आणि सर्पगंधा वैद्यांच्या सल्ल्याविना पोटात घेऊ नये. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल येणारी कळलावी परसात असेल तर पोरांना ओळख करून द्या, तिचा कंद जीवघेणा आहे. रानातला कंद जाणत्या माणसानं ओळखल्याशिवाय शिजवू नये.

सुरुवात करायची तर आत्ता कुठलाही महिना असो, पातेरा साठवण्यापासून करा. मेमध्ये रेषा आखा, हळद लावा. पहिल्या पावसात अडुळसा, गिरिपुष्प, वाळा, गवती चहा. मांडवावर दोनच वेल, कारलं आणि पडवळ. भात कापल्यावर माठ नि मुळा. शतावरी, पिंपळी, मिरवेल यांना दुसऱ्या वर्षी जागा द्या, तोवर सावली कुठं पडते, पाणी कुठं थांबतं आणि माकडं कुठल्या बाजूनं येतात हे तुम्हाला कळलेलं असेल.